खड्याची परीक्षा शितावरून होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विद्यापीठांतल्या संशोधनावर आलेला लेख वाचला. एकाच संशोधन केंद्राच्या यादीत दुर्मीळ आजार, उष्णकटिबंधीय जंगलं आणि कारखान्यांतलं मालव्यवस्थापन हे तिन्ही विषय पाहून लेखकाला हसू आलं. 'कशाचा कशाला पायपोस नाही' असं म्हणून त्यांनी या सगळ्याला आवळ्याची मोट ठरवलं आहे. लेख खुसखुशीत आहे आणि मीही दोन ठिकाणी हसलो. पण या मोटेतला एक आवळा माझ्या घरचा आहे, म्हणून हे पत्र.

मी संशोधक नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, सुट्या भागांच्या खिडकीमागे, माझी ३१ वर्षं गेली. आमच्याकडे प्रत्येक खणाला एक बिन कार्ड लटकवलेलं असे. त्यावर तारीख, आवक, जावक, शिल्लक. ऑइल सील, व्ही-बेल्ट, नेहमीची बेअरिंगं यांची कार्डं दोन-तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनी भरून जात. पण आतल्या रॅकवर अशीही कार्डं होती, की ज्यांच्यावरची शेवटची नोंद माझ्या आधीच्या स्टोअरकीपरच्या अक्षरात होती. माल पडून, कार्ड पिवळं, शिल्लक १.

अशाच एका खणात जुन्या मशिनचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, होता. सात वर्षांत एकदाही इश्यू झाला नव्हता. ऑडिटवाले आले, त्यांनी 'नॉन-मूव्हिंग'ची यादी काढली, आणि सात वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही त्याला आणखी किती दिवस तेल लावून ठेवायचं, असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रॅपच्या यादीवर सही माझीच आहे. त्यानंतर पाचव्या महिन्यात त्या मशिनचा पिनियन तुटला. नवा घडवून येईपर्यंत लाइन अकरा दिवस बंद होती. त्या अकरा दिवसांत माझ्याकडे कोणी कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

पुढे संगणक आला. वाटलं, आता हा प्रश्न सुटला. तर तो महाशय सरासरी काढायचा. एखादा भाग दोन-तीन वर्षांनी एकदा गेला, की त्याचा अंदाज एकदम वर चढायचा आणि लगेच मागणी सुचवायचा. म्हणजे नवा भाग मशिनवर नुकताच चढलेला, पुढची काही वर्षं गरज लागण्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि नेमका तेव्हाच म्हणे आणखी मागवा! मग महिन्यांमागून महिने शून्य भरत गेले, की अंदाज घसरत घसरत तळाला जायचा. भाग झिजून तुटायच्या बेताला आला, की संगणक निर्धास्त. हा दोष जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्येच दाखवून दिला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा उपाय साधा होता: मागणी आली की किती नगांची येते आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो, या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा ठेवा. सगळी शून्यं एकाच सरासरीत कालवू नका.

हे मला सांगणारी एक पीएच.डी. करणारी मुलगी होती. आमची जुनी बिन कार्डं मागायला आली होती. मी म्हटलं, संगणकातली आकडेवारी घेऊन जा. तर म्हणाली, "काका, संगणकात शून्याच्या ओळी नाहीत. तुमच्या कार्डांवर जिथे काहीच लिहिलेलं नाही, ते मला हवंय." स्टोअरमधल्या माझ्या रिकाम्या नोंदींना किंमत आहे असं मला पहिल्यांदा कोणी सांगत होतं. बोलता बोलता समजलं, की आमच्याकडे येण्याआधी ती जंगलातल्या झाडांच्या मोजणीवर काम करत होती. मीही तेव्हा विचारलं, की झाडांचा आणि आमच्या पिनियनचा काय संबंध? तिने इश्यू स्लिपच्या पाठीवर चार आकडे लिहिले: ११८, ७४, ४४, २४.

अलेक्झांडर कॉर्बेट नावाच्या अभ्यासकाने मलायात फुलपाखरं गोळा केली होती. ११८ जातींचं एकेकच फुलपाखरू सापडलं, ७४ जातींची दोन-दोन, ४४ जातींची तीन-तीन, २४ जातींची चार-चार, आणि पुढे तशीच यादी. प्रश्न असा, की आणखी तेवढाच काळ जाळी फिरवली तर आजवर न दिसलेल्या किती नव्या जाती मिळतील? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९४३ मध्ये कॉर्बेट आणि विल्यम्स यांच्याबरोबरच्या निबंधात हे गणित सोडवलं. पुढे १९५६ मध्ये गुड आणि टूलमिन यांनी ते बेरीज-वजाबाकीच्या एका साखळीत बसवलं: ११८ वजा ७४ अधिक ४४ वजा २४, असं शेवटपर्यंत. उत्तर येतं ७५. न पाहिलेल्या फुलपाखरांची मोजदाद, पाहिलेल्यांच्या हिशेबातून! ती स्लिप अजून माझ्याकडे आहे. आणि गंमत बघा, या उत्तरात सगळ्यात जास्त वजन कोणाचं, तर एकदाच दिसलेल्यांचं. ऑडिटवाले ज्यांना आधी काढून टाकतील, त्यांचंच.

उष्णकटिबंधीय जंगलात हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा असतो, म्हणून तिथला अभ्यास. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एक डोंगरमाथा पाण्यात बेट होऊन उरला, ते बॅरो कोलोरॅडो. १९८० मध्ये स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथल्या ५० हेक्टरांत, छातीच्या उंचीला किमान १ सेंटिमीटर जाडी असलेलं प्रत्येक झाड मोजायला घेतलं. दोन लाखांवर खोडं, जाती साधारण ३००, आणि त्यातल्या काही जातींचं त्या अख्ख्या ५० हेक्टरांत एकच झाड. पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याचा असाच अंदाज प्रसिद्ध झाला: जाती सुमारे १६,०००, पण त्यातल्या अवघ्या २२७ जातींनी निम्मं जंगल व्यापलेलं. हजारो जाती अशा, की त्यांची साऱ्या खोऱ्यात हजारभरही झाडं नसावीत. मी ऐकलं आणि म्हटलं, अहो, हे तर आमचं फास्ट-मूव्हिंग, स्लो-मूव्हिंग, नॉन-मूव्हिंग!

इतक्या जाती विरळ का, यावर १९७०-७१ मध्ये जॅन्झेन आणि कॉनेल या दोन निसर्ग-अभ्यासकांनी स्वतंत्रपणे जवळपास सारखंच उत्तर सुचवलं. मोठ्या झाडाखाली त्याच्याच बिया आणि रोपं दाट पडतात, तिथे त्यांच्यावर टपलेले किडे आणि रोगही दाट असतात. त्यामुळे आईच्या पायाशी मूल वाढत नाही, लांब पडलेलं जगतं. त्या जंगलात एकमेकांपासून दूर असणं हाच बचाव.

आता आजारांकडे येतो. नव्या औषधाचा ३०० जणांवर प्रयोग केला आणि कोणालाही अपाय झाला नाही, म्हणून अपाय शून्य म्हणायचा का? संख्याशास्त्रातला सोपा नियम असा: तीनला माणसांच्या संख्येने भागा. ३०० जणांत एकही अपाय दिसला नसला, तरी खरं प्रमाण शंभरात एक इतकं असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने धरून चालावं लागतं. हाच नियम ३०० फेऱ्यांत न दिसलेल्या पक्ष्याला लागतो. माझ्या पिनियनलाही लागला असता. सात वर्षं म्हणजे ८४ महिने. त्यात मागणी शून्य, तरी दर २८ महिन्यांना एक अशी शक्यता मोकळी राहते. ऑडिटच्या दिवशी एवढा एक भागाकार मला येत असता तर!

आपण मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतो. भाताची होते, खड्याची नाही. खडा सापडायला अख्खं पातेलं उपसावं लागतं किंवा वेगळं गणित लागतं. लेखकाला हसू आणणाऱ्या तिन्ही विषयांतले लोक खडाच शोधत आहेत, आणि गणित एकमेकांकडून उसनं घेत आहेत. यात पायपोस नसणारं काय आहे?

एक गोष्ट तर त्यांनी मुद्दाम वाचावी. अल्काप्टोन्युरिया नावाचा आजार आहे. या रुग्णांची लघवी हवेत राहिली की काळी पडते, आणि पुढे सांध्यांतली कूर्चाही काळवंडून झिजते. अडीच ते दहा लाखांत एखादा रुग्ण. १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं, की असे रुग्ण सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतून जास्त जन्मतात. मेंडेलचे वाटाण्याचे नियम माणसाच्या आजाराला लागू होतात, हे या विरळ आजारातून पुढे आलं. त्यावर औषध कुठून आलं? १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीतल्या संशोधकाला दिसलं, की बॉटलब्रशच्या झुडपाखाली तण फारसं उगवत नाही. त्या झुडपातल्या द्रव्यावरून कंपनीने तणनाशकं तयार केली. त्यातल्या एका रेणूने उंदरांच्या डोळ्यांवर परिणाम केला, म्हणून कारण शोधलं, तर तो टायरोसिनच्या (प्रथिनांतल्या एका घटकाच्या) पचनसाखळीतलं एक विकर (एन्झाइम) अडवत होता. नेमकी हीच साखळी पुढच्या टप्प्यावर तुटल्यामुळे टायरोसिनेमिया प्रकार १ झालेली मुलं यकृत निकामी होऊन दगावत. स्वीडनच्या स्वेन लिंडस्टेट यांनी १९९२ मध्ये ५ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, आणि शेतासाठी केलेला रेणू, नायटिसिनोन, मुलांचं औषध झाला. अल्काप्टोन्युरियातही बिघडते ती हीच साखळी, म्हणून २०२० मध्ये युरोपात तो त्या आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठीही मंजूर झाला. झुडूप, कंपनी आणि काळी लघवी. ही मोट कोणी बांधायला गेलं असतं, तर आपल्या लेखकांनी त्यालाही हसून घेतलं असतं.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. निबंधांची संख्या वाढावी म्हणून तीन विषयांची नावं शीर्षकात चिकटवणारे आहेतच, आणि त्यांना झोडपायलाच हवं. पण ओळखायचं कसं? शीर्षक वाचून नव्हे. त्यांनी उसनं घेतलेलं गणित दुसऱ्या विषयात खरंच चालवून पाहिलं का, आणि नाही चाललं तेव्हा तसं लिहिलं का, हे पाहावं. त्या मुलीने प्रबंध पूर्ण केल्यावर मला फोन केला होता. झाडांचं सूत्र आमच्या स्टोअरला जसंच्या तसं लागलं नाही, म्हणाली. जंगलात झाड कोणी स्क्रॅपला काढत नाही, आणि आमच्याकडे बरेच खण ऑडिटनंतर रिकामे झाले होते. ते तिने प्रबंधात एक वेगळं प्रकरण करून लिहिलं.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर

ता. क. – लेखात दुर्मीळ आजारांचा उल्लेख 'मूठभर रुग्णांचे आजार' असा आला आहे. युरोपीय संघात दहा हजारांत पाचाहून जास्त रुग्ण नसलेला, तर अमेरिकेत देशभरात दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार दुर्मीळ धरतात. असे आजार काही हजार आहेत, आणि सगळे मिळून जगभरात त्यांचे रुग्ण सुमारे ३० कोटी असल्याचा अंदाज आहे. शक्य झाल्यास तेवढी दुरुस्ती छापावी.