पेस्ट म्हणजे टॉनिक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शेती पानावर द्राक्षाच्या गोडी छाटणीचा, म्हणजे ऑक्टोबरात फळासाठी होणाऱ्या छाटणीचा, लेख वाचला. त्यात छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून लावतात त्या पेस्टला चक्क ‘डोळे फोडणारं टॉनिक’ म्हटलंय. शेजारी मोठा फोटो, त्यात एक ताई उघड्या हातांनी काडीला लाल पेस्ट लावताहेत. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. काल दिवसभर बागेत होतो, पण मन त्या फोटोवरून हललं नाही, म्हणून लिहितोय.

टॉनिक म्हणजे झाडाला काहीतरी देणारं. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाईड झाडाला काहीच देत नाही, ते झाडाचं चालू काम बंद पाडतं. काडीच्या डोळ्यात कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पेशींत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साईड मोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करायचं, हे त्याचं काम. सायनामाईड ते विकर अडवतं, पेरॉक्साईड साचत जातं, त्या ताणाने झोपलेला डोळा जागा होतो. थंड मुलखात हे काम हिवाळा करतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, म्हणून पेस्ट लावावी लागते. इस्रायलच्या संशोधकांनी द्राक्षाच्या डोळ्यांतल्या कॅटालेजवरचं काम 1986 मध्येच प्रसिद्ध केलंय, म्हणजे हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. मात्रा जास्त झाली की तोच डोळा मरतो. वरून कापसायला (फुटताना कापसासारखा दिसायला) लागलेला दिसतो आणि नखाने उकलला की आत काळा.

पण मला खरं सांगायचंय ते माणसाचं. तीन वर्षांपूर्वी माझ्याच बागेत पेठ तालुक्याकडची मजुरांची टोळी होती. दिवसभर पेस्ट लावून झाली, सगळ्यांनी हातपाय धुतले, जेवायला बसले. रात्री साडेआठला मुकादम पळत आला. टोळीतला एक गडी भिंतीला टेकून बसला होता. तोंड, मान, छाती सगळं लालबुंद, डोळेसुद्धा लाल. उलट्या होत होत्या आणि ‘काका, श्वास पुरत नाही’ एवढंच म्हणत होता. अर्धा ग्लास दारू प्यायला होता, त्याहून जास्त नाही. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, विष घेतलं का? मी गाडीतून पेस्टची रिकामी बाटली आणून दाखवली, त्यावरचं नाव त्यांनी वाचलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. रात्रभर ऑक्सिजन आणि सलाईन. त्याची बायको त्याच्या चपला हातात धरून पायरीवर बसून होती, पहाटेपर्यंत तिने त्या खाली ठेवल्या नाहीत. गडी वाचला. माझ्या बागेत पुन्हा कधी आला नाही.

दारू शरीरात गेली की तिचं ॲसिटाल्डिहाईड होतं, आणि ते मोडायला यकृतात एक विकर असतं. सायनामाईड त्यालाही अडवतं. जपानमध्ये तर दारू सोडवण्यासाठी सायनामाईडच औषध म्हणून देतात, प्यायलं की असाच त्रास व्हावा म्हणून. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरात सूचना होती. मी ती वाचली होती, टोळीला सांगितली नव्हती. ती चूक माझी, आणि ती मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमच्यासारख्या घरोघरी जाणाऱ्या पेपरात ‘टॉनिक’ वाचलं की अंगावर काटा येतो. टॉनिक लावणाऱ्याला संध्याकाळी पिऊ नको असं कोण सांगणार? युरोपियन युनियनने 2008 मध्ये सायनामाईडला शेतीच्या औषधांच्या मान्य यादीत जागा दिली नाही. आपली द्राक्षं तिकडे जातात. तिकडच्या बागेतल्या मजुराची काळजी आणि आपल्या मजुराची काळजी यात एवढं अंतर का?

पेस्ट वापरू नका असं माझं म्हणणं नाही. मीही वापरतो, त्याशिवाय डोळे एकसारखे फुटत नाहीत. पण आता आमच्याकडे हातमोजे घातल्याशिवाय कुणी बादलीला हात लावत नाही, आणि दारूचं मी सकाळीच, बायामाणसांसमोर, स्पष्ट सांगतो.

आणखी एक. निफाडचा पारा उतरला की पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. त्या वेळी आम्हाला त्याचा फारसा उपयोग नसतो. ऑक्टोबरात पेस्टची मात्रा 30 मिली घ्यायची की 40, हे काडीच्या जाडीवर आणि तापमानावर ठरतं, नेमकं तेव्हा तुमच्या हवामानाच्या चौकटीत मुंबई आणि पुणे असतं, निफाड नसतं. तेवढी एक ओळ द्या.

तो शब्द आणि तो फोटो, दोन्हींची दुरुस्ती त्याच शेती पानावर, तेवढ्याच आकारात छापावी, ही विनंती. पुढच्या आठवड्यात टोळ्या उतरताहेत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक