वाळूतल्या पुस्तकाबद्दल, मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘‘शंभर पानं वाचली, वाळू तेवढी दाताखाली आली, हाती काही लागलं नाही,’’ हे वाचून आधी हसू आलं, मग राग. खोटं कशाला बोलू, पहिल्या खेपेला मीही फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही कादंबरी तिथेच मिटून ठेवली होती. त्यामुळे तुला शिव्या घालण्याचा अधिकार मला नाही. तरी घालतो.

तुझी पहिली तक्रार शब्दांची. ती मान्य. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी लागते तिथे वाचकाची दमछाक होणारच. मी ती यादी दुसऱ्या वाचनात उघडलीच नाही. परक्या गावात गेल्यावर चार दिवसांत कळतं तसं कळत गेलं.

दुसरी तक्रार मात्र मला सोडवत नाही. तू म्हणतोस, फितूर कोण ते दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकलं, मग वाचायचं कशासाठी? ही तक्रार करणारा तू एकटा नाहीस. ज्याला-ज्याला पुस्तक दिलं त्यातल्या निम्म्यांनी हेच ऐकवलं. पण अरे, हे पुस्तक सगळंच आधी सांगतं. घरचा डॉक्टर युए दगा देणार, हे आपल्याला ठाऊक असतं आणि नायक पॉलचा बाप ड्यूक लेटो याला नसतं, म्हणून त्या घरातलं प्रत्येक साधं संभाषण अंगावर येतं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका राजकन्येच्या ग्रंथांतले उतारे आहेत. ती स्वतः अवतरते अगदी शेवटी, पण नायकाचं पुढे काय होणार याचा वास तिच्या ओळींना पहिल्यापासून येतो. आणि खुद्द नायकालाच भविष्य दिसतं! हर्बर्टने रहस्य ठेवलंच नाही. तरीही आपण फसतो, आणि तेच मला तुला सांगायचं आहे.

फसतो कसे, तर पाण्यामुळे. कथेतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहावर पाणी नाही, एवढं सांगून कुणीही लेखक मोकळा झाला असता. इथे फ्रेमेन, म्हणजे तिथले वाळवंटी लोक, अंगात असा पोशाख घालतात की घाम, श्वासातली वाफ, सगळं गाळून परत पिता येतं. पोशाख चांगला असेल तर दिवसभरात बोटाच्या पेराएवढंच पाणी वाया जातं. स्टिलगार नावाचा त्यांचा म्होरक्या ड्यूकच्या भेटीला येतो आणि त्याच्यासमोर टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं खवळतात. त्यांच्यातलाच एक, जो फ्रेमेनांमध्ये राहून आलाय, तो शांतपणे आभार मानतो आणि स्वतःही थुंकतो. अंगातलं पाणी दिलं, याहून मोठा मान तो कोणता? (तू पुस्तक मिटलंस ते बहुतेक इथेच जवळपास. कपाळ!)

पुढे पोरसवदा पॉलला जेमिस नावाच्या फ्रेमेनशी लढून त्याला मारावं लागतं. अंत्यविधीत त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि जमाव थरारतो: हा मेलेल्याला पाणी देतोय! लोक त्याच्या गालाला बोटं लावून बघतात. मित्रा, त्या पानावर मी फ्रेमेन झालो. त्या पोराच्या मागे कुठेही गेलो असतो. तसे लाखो वाचक गेले.

म्हणूनच १९६९ साली दुसरा भाग आला तेव्हा पुष्कळांना तो पचला नाही. पहिला भाग ज्या संपादकाने मासिकातून क्रमशः छापला, त्यानेच दुसरा छापायला नकार दिला. त्याला जिंकणारा नायक हवा होता. आणि इथे नायकाच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेलेली! (आधी सांगितलं म्हणून चिडू नकोस, लेखकाचीच रीत चालवतोय.) मीही तेव्हा वैतागलो होतो. पण मागे जाऊन पाहिलं तर पहिल्याच भागात, वाळवंटात मरायला टाकलेल्या ग्रहशास्त्रज्ञ काइन्सला बापाचा आवाज ऐकू येतो: वीरपुरुषाच्या हाती सापडणं यापेक्षा मोठं संकट लोकांवर येऊ शकत नाही. छापलेलं होतं रे! मी ते भरभर उलटून पुढची लढाई गाठली होती.

सगळ्यांना पुस्तक आवडावं असा माझा हट्ट नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनने १९६६ साली एका पत्रात कबूल केलं की त्याला ते तीव्रपणे नावडलं, म्हणून हर्बर्टसारख्या दुसऱ्या लेखकाबद्दल बोलणं त्याने टाळलं. माझ्याही कुरबुरी आहेत. खलनायकाचा लठ्ठपणा आणि त्याची समलैंगिकता ही जणू दुष्टपणाचीच खूण म्हणून वापरली आहे, ते आज वाचवत नाही. पॉलच्या फ्रेमेन प्रेयसीला, चानीला, शब्द फार थोडे दिलेत. २०२४ च्या चित्रपटात ती निदान तोंडावर विरोध करते. आणि बाहेरून आलेला राजपुत्रच वाळवंटी लोकांचा तारणहार होतो, या आक्षेपाला ‘अरे, तो तारणहार नाहीच’ एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मोठ्या भूमिका शेवटी त्याच्याच वाट्याला आल्या.

एक गोष्ट तुझ्यासारख्या झाडं लावणाऱ्याला आवडेल. कादंबरीचं बीज अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं. तिथले सरकते वाळूचे ढिगारे गवत लावून थोपवण्याचं काम चालू होतं, त्यावर हर्बर्टला १९५७ मध्ये लेख लिहायचा होता. लेख राहिला आणि १९६५ साली कादंबरी आली, तीही वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर, मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीकडून. त्या किनाऱ्यावर आता लोक उलटं काम करतायत: ते गवत इतकं माजलं की वाळू वाचवण्यासाठी उपटावं लागतंय. कादंबरीतही ग्रह हिरवा करायचं स्वप्न आहे, आणि पाणी हे तिथल्या महाकाय वाळूकिड्यांना विष आहे.

पुस्तक इतक्यात परत पाठवू नकोस. जेमिसच्या अंत्यविधीपर्यंत ये. तिथेही वाळूच दाताखाली आली तर खुशाल पाठव, टपालखर्च माझा.

तुझाच,
भांडखोर मित्र