खरडलेल्या रानातली धावपट्टी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "नदीकाठचे दोन एकर तसेही वाया गेलेत, विकून टाका आणि माझ्या फीचं कर्ज मिटवा." पप्पा काही बोलले नाहीत. नुसते उठून ओट्यावर जाऊन बसले. म्हणून मी लिहिते.

तू जिथं विमान शिकतेस त्या अमेरिकेतल्या, कॅलिफोर्नियातल्या सांता पॉला गावच्या विमानतळाची माहिती तूच पाठवली होतीस. मी ती दोनदा वाचली. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री तिथल्या नदीच्या वरच्या अंगाचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं. ज्या मुलहोलंडसाहेबानं ते बांधलं, त्यानं त्याच दिवशी गळती पाहून काही धोका नाही असं सांगितलं होतं. निदान ४३१ माणसं गेली, ताई. तुमच्या त्या गावात पाणी पहाटे तीनच्या सुमाराला शिरलं. पण टेलिफोनवर बसलेल्या पोरींनी जागा सोडली नाही, घराघरात फोन लावत राहिल्या. पोलीस मोटारसायकलवरून दारं ठोठावत फिरले. हे वाचताना मला २०२५ चा सप्टेंबर आठवला. गोदामाय चढली तेव्हा आपल्या गल्लीतली पोरं अशीच हाका मारत फिरली होती, म्हणून म्हातारी माणसं वेळेत शाळेत पोचली.

त्या पुरात तिथल्या रॅल्फ डिकनसन या शेतकऱ्याचं रान बरबाद झालं. लिंबू-संत्र्याचा मुलूख तो, आपला मोसंबीचा तसा. त्यांनी आजूबाजूचे बागायतदार गोळा केले, सगळ्यांनी पैसे घातले आणि त्याच रानावर विमानतळ केला. ऑगस्ट १९३० मध्ये मोठा समारंभ करून तो सुरू झाला. सरकारचा नाही, आजही खाजगीच आहे. कंट्रोल टॉवर नाही, वैमानिक रेडिओवर एकमेकांना सांगून उतरतात, हे तूच सांगितलंस. जुनी विमानं नीट करून हँगरमध्ये ठेवतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांना दाखवतात, हे मला फार आवडलं. २००५ साली त्याच नदीनं धावपट्टीचा तुकडा तोडून नेला. त्यांनी भराव घातला, पुन्हा बांधली. विकून मोकळे झाले नाहीत.

आपल्या दोन एकरातली मोसंबी तू चौथीत असताना लावलेली. आता तिथं गोटे आहेत, विहीर गाळानं बुजली आहे. पाहवत नाही, हे खरं. पूर ओसरल्यापासून पप्पा त्या बाजूला गेले नव्हते. तुझं ते सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून गेले, दुपारपर्यंत बांधावरून फिरत होते.

आम्ही ते रान विकत नाही. तलावातला गाळ आणून टाकायलोत, ट्रॅक्टरच्या सोळा खेपा झाल्या. पहिली दोन वर्षं बाजरी, मग बघू. तुझ्या फीचा हप्ता दुधाच्या पैशातून जातोय, त्याची काळजी तू करू नकोस.

पहिल्यांदा एकटी उडशील त्या दिवशी कुणाला तरी फोटो काढायला सांग. नुसता विमानाचा नको. शेजारचं नदीचं पात्र दिसलं पाहिजे, पप्पांना बघायचंय.

तुझी,
आई