काल्पनिक जमाती घडवताना

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बालपुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत अद्भुत जगाच्या कथा वाढल्या आहेत, याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांतल्या जमाती बहुधा एकाच गुणाच्या असतात: हे सगळे लढवय्ये, ते सगळे ज्ञानी, डोंगरापलीकडचे सगळे कपटी. लेखक पोशाख आणि शस्त्रांपासून सुरुवात करतात, म्हणून असं होतं. सुरुवात पावसापासून व्हायला हवी.

आपला नाशिक जिल्हाच घ्या. इगतपुरी-त्र्यंबकला भात आणि नागली, सिन्नर-येवल्याकडे पर्जन्यछायेत बाजरी. पीक बदललं की छप्पर, सण, कामाचे दिवस सगळंच बदलतं. आकडाही मांडावा. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर हजार माणसांच्या वस्तीला वर्षाला सुमारे १८०० क्विंटल लागतं. हेक्टरी १० क्विंटल पिकलं तर १८० हेक्टर रान हवं, बियाणं वेगळंच. कड्यावर शहर वसवणाऱ्याने हे रान कुठे आहे ते सांगायला नको का?

मग शरीर. जमात ३०० वर्षं जगते असं लिहून टाकतात. पण पंचविशीत मूल होत असेल तर १२ पिढ्या एकाच वेळी हयात. सातबाऱ्यावर नातवाचं नाव चढणार कधी? एकतर जिवंतपणीच वाटण्या करायची रीत हवी, नाहीतर तरुणांनी गाव सोडून नवी वस्ती धरायची. भाऊबंदकी दोन्हीकडे आहेच, आणि खरी कथा तिथेच सापडते.

नावांसाठी १२-१४ व्यंजनं ठरवून माणसं, नद्या, गावं त्यांतूनच घडवावीत. ‘झ्राक्थ्वॉर’सारख्या जोडाक्षरांनी वाचक फक्त अडखळतो.

सर्वांत खटकतं ते वेगळंच. सुरगाणा-पेठ भागातल्या बोहाड्याचे, म्हणजे आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे उचलून ‘रानटी’ टोळीच्या तोंडावर चढवले जातात. बोहाड्यात देव-दानवांची सोंगं ठरलेल्या क्रमाने निघतात, त्यांना मान असतो. तो अर्थ टाकून नुसता चेहरा घेतला की जिवंत समाजाचं विद्रूप चित्र छापलं जातं, आणि ती पुरवणी त्याच समाजातली मुलंही वाचतात. घ्यायचीच तर मागची रचना घ्यावी: सोंग कोण घेतं, आधी कोण निघतं, मान कुणाचा.

आपल्या कथास्पर्धेत प्रत्येक कथेसोबत अर्ध्या पानाचं टिपण मागवावं, ही विनंती. त्यात पाऊस, पीक, वारसा आणि त्या जमातीतच आपसांत न पटणारे निदान दोन गट असावेत.

– एक वाचक, नाशिक