मैदानाच्या मधोमध डबके : मदतीचे आवाहन

ग्रामस्थ, माजी खेळाडू आणि नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यात, आखातात असलेल्या आपल्या वाड्यावरच्या सर्वांस सप्रेम नमस्कार.

30 जुलै 2008. हैदराबादेत एएफसी चॅलेंज कप या आशियाई फुटबॉल स्पर्धेतला भारताचा पहिला सामना, समोर अफगाणिस्तान. नव्वद मिनिटे झाली तरी गोल नाही. शेवटी भरपाईच्या वेळेत गोल मारला तो आघाडीच्या कुणी नव्हे, मधल्या फळीतल्या आपल्या गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्स यांनी. (नावाला जागले!) पुढे 13 ऑगस्टला ताजिकिस्तानला 4-1 असे हरवून भारताने करंडक जिंकला आणि 27 वर्षांनी आशिया कपचे, 2011 च्या दोहाचे दार उघडले. अंतिम सामन्यातली सुनील छेत्रीची हॅटट्रिक सगळ्यांना आठवते. पहिल्या सामन्यातला तो एक गोल आठवणारे आमच्यासारखे थोडेच.

लॉरेन्स आता निवृत्त आहेत. गोव्याच्या धेंपो क्लबने 2007-08 ची पहिली आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल क्लब स्पर्धा) आणि 2009-10 ची आय-लीग जिंकली तेव्हा क्लबच्या मधल्या फळीत ते होते. समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा आणि जमिनीलगत साधा पास देऊन मोकळे व्हायचे, हे या जागेवरचे रोजचे काम. टाळ्या पुढच्याला.

आता आमचे दुखणे. आपले मैदान मधोमध खचले आहे. जूनपासून पाणी साचते ते दसऱ्यापर्यंत हटत नाही. मुले हुशार, त्यांनी तोड काढली : डबके चुकवायला मागून थेट पुढे उंच चेंडू मारायचा. त्यामुळे आपल्याकडे धावणारे आणि मारणारे पुष्कळ, पण चेंडू थांबवून, मान वर करून पाहणारा एकही नाही. मुलांना बोल लावून काय उपयोग? जिथे तो खेळाडू घडायचा, तिथे पावसाळाभर बेडूक असतात. 2008 च्या त्याच स्पर्धेत पावसाने मैदानाची दैना झाली म्हणून अंतिम सामना हैदराबादहून दिल्लीला हलवावा लागला होता. आम्ही कुठे हलवणार? देवळासमोरच्या अंगणात खेळलो की कौले फुटतात, तीही आम्हीच भरून देतो.

काम असे : मधला भाग उकरून खडी व रेतीचा थर, दोन्ही बाजूंना चर, चरात पाइप टाकून पाणी ओहोळात सोडणे, वर माती आणि हिरवळ. ठेकेदाराचा अंदाज 2 लाख 40 हजार रुपये. सभासदांकडून 85 हजार जमले आहेत. पाऊस सुरू होण्याआधी काम उरकायचे आहे, नाहीतर वर्ष गेले.

पैसेच हवेत असे नाही. कुणाचा टेम्पो असेल तर रेतीच्या चार खेपा द्या. ज्यांना हात लावणे जमेल त्यांनी रविवारी सकाळी 7 वाजता फावडे घेऊन यावे. चहा-पावाची सोय मंडळाची.

एक खुलासा : लॉरेन्स यांचा या आवाहनाशी काही संबंध नाही. त्यांच्या नावाने कुणी वर्गणी मागितली तर देऊ नका. आपली देणगी मंडळाच्या खोलीवर संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला फलकावर लागेल.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी