रंगकामाचं एस्टिमेट भिंती मोजूनच द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी तोंडावर आली की घराघरात रंगाचा विषय निघतो म्हणून हे पत्र. आमचा पुण्यात 600 फूट कार्पेटचा फ्लॅट, गेल्या महिन्यात तीन कॉन्ट्रॅक्टर घर बघून गेले, एकानं दारातच उभं राहून 45 हजार सांगितले, दुसऱ्यानं मटेरियलसकट 18 रुपये फूट, तिसऱ्यानं 22. आता साध्या माणसाला वाटतं 600 गुणिले 18, झाले 10,800, आणि बिल येतं चौपट, कारण रेट भिंती आणि सिलिंगचा असतो, जमिनीचा नाही, पण हे आधी कुणी सांगतच नाही.

शेवटी मी आणि मुलीनं टेप घेतला. बेडरूम 12 बाय 10, उंची 10, म्हणजे चार भिंती 440, सिलिंग 120, एकूण 560, त्यातनं दार 21 आणि खिडकी 20 वजा केली की राहिले 519. असं अख्खं घर 1,930 फूट भरलं. 18वाल्याच्या कागदावर होते 2,400! विचारलं तर म्हणाला दारं-खिडक्या आम्ही वजा करत नाही, कडा ब्रशनं काढायला वेळ जातो. हे पटतं मला, ते काम किचकटच आहे, पण भिंतीत फिक्स केलेल्या कपाटामागं कोण रंग मारणार? ती जागापण धरलेली. 22वाल्यानं खोली खोली मोजून 1,960 लिहिले. गुणाकार करून बघा, 18वाल्याचे 43,200 आणि 22वाल्याचे 43,120.

आणि त्या रेटमध्ये काय काय आलं तेही विचारायला हवं, घासकाम, पुट्टी एक हात की दोन, प्रायमर आहे का. मागच्या वेळी स्वस्त बघून काम दिलं, बाथरूमलगतच्या भिंतीला ओल होती, तिथले पोपडे खरवडून सरळ पुट्टी ओढली, गळती कुठनं होतीय कुणी बघितलंच नाही. एका पावसाळ्यात भिंत फुगली, हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला यायची. रोजावर येणाऱ्या रंगाऱ्यांचा यात काय दोष, त्यांना सांगितलं तेवढं ते करतात.

तर विनंती एवढीच की दिवाळीआधी आपल्या पेपरात खोली कशी मोजायची आणि एस्टिमेटवर काय काय लिहून घ्यायचं याची एक चौकट छापा, कात्रण कापून दारामागं लावता येईल अशी.

आपला,
एक वाचक, पुणे