श्वान उद्यानातल्या कोरड्या नळाविषयी मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याधिकारी महोदय,
नगरपरिषद कार्यालय
(गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यापासून पस्तीस किलोमीटरवरच्या ज्या गावात पाण्याच्या टाकीमागे श्वान उद्यान आहे, ते आपल्याला ओळखू येईल.)

विषय : उद्यानाचे दुसरे फाटक, नळाचे पाणी आणि माझ्या मुलीचा उजवा हात.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार जुना आहे. सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारीत मी एकूण तीन अर्ज दिले. त्यांचे आवक क्रमांक माझ्यापाशी आहेत, उत्तरे बहुधा आपल्यापाशी असावीत. तिन्ही अर्जांत मागणी एकच होती, की श्वान उद्यानाला दुसरे फाटक बसवावे आणि आतल्या नळाला पाणी द्यावे. चौथा अर्ज देण्याऐवजी हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण २६ जानेवारीला त्याच उद्यानात माझ्या सात वर्षांच्या मुलीला एका पाळीव कुत्र्याने चावले.

मी कुत्र्यांच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नये. आमच्या घरी बंड्या नावाचा गावठी कुत्रा गेली चार वर्षे आहे. पुण्यात राहत होतो तेव्हा बहुतेक बागांच्या दारावर कुत्र्यांना मज्जाव असे आणि वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला पहाटे गेले तर साखळी सोडलेल्या कुत्र्यांमागून त्यांचे मालक 'काही करत नाही हो तो' असे ओरडत येत. म्हणूनच गेल्या १५ ऑगस्टला आपण फीत कापलीत तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. दोन महिन्यांत दुहेरी फाटक, पाणी आणि रखवालदार या तिन्ही सोयी होतील, हे वाक्य आपण ध्वनिक्षेपकावरून उच्चारलेत. पेढाही दिलात. पेढा चांगला होता.

आता उद्यान म्हणजे काय ते सांगते, कारण फीत कापल्यानंतर आपण तिकडे फिरकल्याचे कोणी पाहिलेले नाही. तारेच्या जाळीचे कुंपण, आत चार रंगवलेले टायर, एक लोखंडी रिंग आणि एकच फाटक, ज्याची कडी ऑक्टोबरात तुटल्यापासून ते सुतळीने बांधलेले असते. साखळी सोडून कुत्री जिथे मोकळी फिरवायची असतात, तिथे दोन फाटके ही चैन नसते. पहिल्या फाटकातून आत यायचे, ते लावून घ्यायचे, मधल्या चौकोनात थांबून आतल्या कुत्र्यांचा अंदाज घ्यायचा, साखळी काढायची आणि मगच दुसरे फाटक उघडायचे, एवढा साधा त्यामागचा विचार आहे. अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७९ मध्ये असे उद्यान झाले, हैदराबादच्या कोंडापूर भागात तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये सुमारे सव्वा एकरावर केले. लहान कुत्र्यांना वेगळा कप्पा, आजारी किंवा माजावर आलेल्या कुत्र्यांना मनाई, आत खाणे नेण्यास बंदी, आणि मुलांनी पळू नये, किंचाळू नये, अनोळखी कुत्र्याला हात लावू नये, असे नियम अशा ठिकाणी फाटकावरच लिहिलेले असतात. परदेशांत कित्येक उद्यानांत अगदी लहान मुलांना आत घेतच नाहीत. पळणारे, चिरक्या आवाजात ओरडणारे मूल कुत्र्याला पाठलागाचे आमंत्रण वाटते, आणि मोठ्या कुत्र्याचे तोंड मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. यात नवे शोधण्यासारखे काहीच नव्हते, फक्त वाचायचे होते.

आपण मात्र कुंपणाला खेटून मुलांची घसरगुंडी बसवलीत. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागासुद्धा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, असे केंद्र सरकारचे प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ पासून सांगतात. पाळीव कुत्र्यांच्या उद्यानाला तो नियम लागू नाही हे मला ठाऊक आहे, आपल्या लिपिकानेही तेच ऐकवले. परंतु नियम लागू नसला की अक्कलही लागू नसते, हे मला त्या दिवशी कळले.

तो प्रजासत्ताक दिन होता. झेंडावंदन करून आलेली मुलगी पांढऱ्या गणवेशातच होती आणि बंड्याला पळवायला नेऊ म्हणून हट्ट करत होती. माझी चूक आधीच कबूल करते, म्हणजे ती शोधण्यात आपल्या कार्यालयाचा वेळ जाणार नाही. शाळेत मिळालेला बिस्किटाचा पुडा तिच्या हातात होता आणि तो मी काढून घेतला नाही. आम्ही आत असताना एका गृहस्थांनी फाटकाची सुतळी सोडली, बाहेरच आपल्या कुत्र्याची साखळी काढली आणि मोबाईल कानाला लावला. तो धिप्पाड कुत्रा आत शिरला तो सरळ मुलीकडे. ती घाबरून पळाली, पडली, आणि त्याने पुड्यासकट हात धरला. कोपराखाली चार खोल भोके आणि एक लांब ओरखडा. गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, 'आमचा टायगर कधी काही करत नाही, खेळायला गेला असेल तो.' पांढऱ्या बाहीवर जे उमटले होते, ते मी त्यांना दाखवले.

यानंतरची गोष्ट नळाची आहे. कुत्रा चावल्यावर पहिला उपचार दवाखान्यात नसतो, जागेवरच असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवायची. आपल्या उद्यानात नळ आहे. पितळी, चकचकीत, ज्याच्यासमोर उद्घाटनाच्या दिवशी छायाचित्रे काढली गेली तो. मी तो पूर्ण फिरवला आणि त्यातून एक कोळी बाहेर आला, कारण नळजोडच आजवर दिलेला नाही. बाटलीतले पाणी अर्ध्या मिनिटात संपले. मुलीला उचलून मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेले आणि भांडी घासायच्या साबणाच्या वडीने, टपरीवाल्याने पिंपातून एकेक मग ओतलेल्या पाण्याखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटे तिचा हात धुतला. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. माझ्या लेखी त्या दिवशी या गावाची नगरपरिषद तो होता.

सरकारी रुग्णालयात लस मिळाली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. परंतु रक्त आलेल्या खोल जखमेत रेबीजच्या लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषधही, टोचावे लागते, कारण लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात आणि विषाणू तोवर थांबत नाही. ते तिथे नव्हते. 'पुण्याला न्या' असे सांगण्यात आले. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत दोन तास काढून आम्ही पोहोचलो. जखमेच्या आत सुई घालून ते औषध भरताना चौघांनी तिला धरले होते, त्यांतली एक मी. ती 'आई, नको' म्हणत नव्हती. ती 'आई, तू सोड' म्हणत होती. बिल झाले अकरा हजार चारशे.

त्यापुढचे दहा दिवस मी रोज सकाळी सात वाजता त्या गृहस्थांच्या बंगल्यावरून चालत गेले. लसीकरणाचे कार्ड 'व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणाले होते, ते अजून आलेले नाही. चावताना रेबीज असलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत आजारी पडून मरतो, म्हणून चावणारा कुत्रा तेवढे दिवस धडधाकट आहे ना, हे डोळ्यांनी पाहण्यावाचून इलाज नव्हता. ज्याने माझ्या मुलीला फाडले तो प्राणी जिवंत असावा, नीट जेवावा, शेपटी हलवावी, अशी प्रार्थना करत फाटकाशी उभे राहणे काय असते, हे आपल्याला कधी कळू नये.

घरी वेगळेच झाले आहे. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन जेवते. बंड्या जवळ आला की ताट उचलते. त्याला काय चुकले ते कळत नाही, तो दाराशी जाऊन बसतो. याचा आवक क्रमांक कोणत्या विभागात मिळतो?

कारण विभागांचा अनुभव मी घेतला आहे. बाग विभागाने सांगितले, कुत्रे हा आरोग्य विभागाचा विषय. आरोग्य विभागाने सांगितले, आमच्याकडे फक्त भटकी कुत्री, हे तर पाळीव होते. म्हणजे चावण्यापूर्वी त्याने आपला प्रवर्ग जाहीर करायला हवा होता! परवाना विभागात पाळीव कुत्र्यांची नोंदवही मागितली तेव्हा एक कोरी वही दाखवण्यात आली. पोलिसांकडे गेले तर 'शेजारधर्म पाहा, मिटवून टाका' असा सल्ला मिळाला. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. जुन्या कायद्यात हा दंड एक हजारापर्यंत होता, आता तो पाचपट झाला आहे, तरी माझ्या बिलाच्या निम्माही भरत नाही.

आकड्यांचेच म्हणाल तर संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक जणांना कुत्रे चावले आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४ झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज वर्षाला पाच हजार सातशेच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटना अठरा ते वीस हजार सांगते आणि त्यांत मोठा वाटा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा असल्याचेही सांगते. चोपन्न, की पाच हजार, की वीस हजार? ज्या देशाला आपली किती माणसे या एका रोगाने मेली हे ठरवता येत नाही, त्याने २०३० पर्यंत तो रोग हटवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्येच प्रसिद्ध केला आहे. आपले उद्यानही त्याच घराण्यातले, आधी फीत आणि मग बघू.

निवडणुका रखडल्या होत्या तेव्हा 'लोकप्रतिनिधी नाहीत, प्रशासकांना मर्यादा आहेत' हे उत्तर होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता 'मंडळी नवी आहेत, समित्या व्हायच्या आहेत' हे उत्तर आहे. तोवर पुण्याकडून येणाऱ्या रस्त्यावर 'निसर्गाच्या कुशीत' घरे विकणारे फलक वाढत आहेत. एक एकराहून मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती बिल्डरांनी कागदावर सोडलेलीही आहे. प्रत्यक्षात ती क्लब हाऊसच्या भिंतीआड असते, आणि मुले व कुत्री दोघेही गावभरातून आपल्या त्या तारेच्या जाळीत येऊन पडतात. तिथे भांडण मूल आणि कुत्रा यांचे दिसते, पण दोघांना एका खुराड्यात कोंडणारा नकाशा कोणाच्या सहीने मंजूर झाला, हे नगररचना विभागात कोणी सांगत नाही.

फाटकालगत कोनशिला आहे. तिच्यावर अकरा नावे आहेत, पदांसह, मी मोजली. पुण्याच्या पाट्यांची जगभर चेष्टा होते, परंतु 'येथे बिस्किटे खाऊ नयेत' अशी एक खवचट पुणेरी पाटी जरी त्या जाळीवर असती, तरी मी तो पुडा हातातून काढून घेतला असता. अकरा नावांत आणखी तीन ओळींना जागा होती.

मागण्या त्याच आहेत. दुसरे फाटक आणि कडी. नळजोड. नियमांची पाटी. घसरगुंडी तिथून हलवावी. लसीकरणाचे कार्ड पाहून आत सोडणारा एक माणूस, निदान सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास. एवढे होईपर्यंत ते फाटक कुलूप लावून बंद ठेवावे. कुलूप मी आणून देते, खरेदीसाठी निविदा काढण्याची गरज नाही.

लसीचे चार डोस झाले. पाचवा, अठ्ठाविसाव्या दिवसाचा, २३ फेब्रुवारीला, सोमवारी आहे. रुग्णालय आपल्या कार्यालयाच्या मागच्याच रस्त्यावर आहे. सुई टोचून झाली की साडेअकराच्या सुमारास मी मुलीला घेऊन आपल्या दालनात येईन. त्या नळात पाणी का नव्हते, हे ती मला रोज विचारते, आणि मी आजवर तिला 'सोमवारी साहेबांना विचारू' असे सांगत आले आहे.

आपली,
एका मुलीची आई आणि बंड्याची मालकीण